नाक मेलं

"ताई, तुझ्या कंपनीत भूत आहे का गं?"

ताईला हे विचारून दाखवायची मैत्रिणींनी पैज लावली होती, आणि मनवा पैज हरणाऱ्यातली नव्हती! इंजिनिअरिंगला असलेली तिची ताई महिन्यापासून एका केमिकल कंपनीत इंटर्नशिप करत होती. आत्ता घरी येऊन ती खीर ढवळत उभी होती.

"भूत नाही बाई, एक टाकी आहे. पहिले आठ दिवस तिच्याजवळ सडक्या अंड्यांचा इतका वास यायचा, की मळमळायचं. मग एकदम यायचाच थांबला. सुपरवायझरकाका खूश! म्हणाले, 'पोरीचं नाक मेलं. आता ही आमच्यातली झाली.'"

मनवा खो खो हसत ताईच्या गळ्यात पडली आणि थबकली. ताईच्या केसांना तोच सडका वास येत होता.

"काय करपतंय गं?" बाहेरून आई ओरडली.

घरभर करपट वास सुटला होता. ताईने पातेल्यावर वाकून खोल श्वास घेतला आणि शांतपणे हसली. "कुठे काय?"

मनवाला एकदम उमगलं. म्हणजे टाकीतला वायू कुठेच गेला नव्हता. तो रोज ताईच्या छातीत जात होता, नि तिला कळतही नव्हतं.

"कॉलेजात कळवू नकोस हं," मनवाने हे बोलून दाखवताच ताई कुजबुजली. "इंटर्नशिप सुटली तर वर्ष जाईल माझं."

मनवाने गॅस बंद केला आणि ती तरातरा बाहेरच्या खोलीत गेली.

"आई, बाबा, उद्या मी शाळेला दांडी मारणार. ताईला घेऊन आधी डॉक्टरांकडे, मग तिच्या कॉलेजात जाणार. तुम्ही आलात तर उत्तम, नाहीतर मी एकटी नेईन तिला!"