किड्याची साक्ष

विब्केने कपाटातलं शेवटचं पुस्तक बाजूला ठेवलं आणि मान हलवली.

"हेही नाही, अल्मुटबाई."

भांडणाचं मूळ टेबलावर उघडं पडलं होतं. जर्मनीतल्या ल्यूबेक शहरात छापलेलं, पाचशे वर्षांहून जुनं प्रार्थनेचं पुस्तक. बांधणी लाकडी फळ्यांची. पहिल्या पानावर मालकाचं नाव होतं, ते कुणीतरी चाकूने खरवडून टाकलेलं. विब्के ज्या ग्रंथालयात काम करायची, त्याला ते मूळ घरी परत द्यायचं होतं. प्रश्न एवढाच, की घर कुठलं. नदीपलीकडच्या मठातले साधू म्हणत होते, आमचं. नदीअलीकडच्या या बायकांच्या मठाच्या प्रमुख अल्मुटबाई म्हणत होत्या, आमचं. साधूंकडे काचेची कपाटं होती आणि वकील होता. अल्मुटबाईंकडे नुसती खात्री होती.

खात्री बदकांवरून. पुस्तकाच्या समासात शाईने काढलेली चिमुकली बदकं होती, मजकूर आवडला की शेजारी एक बदक. ती काढणाऱ्या, नाव पुसलेल्या बाईवर अल्मुटबाईंचा जीव जडला होता. "आमची पोर" म्हणायच्या तिला, जशी काही कालच माहेरहून हरवली. विब्केने सकाळी जपूनच सुचवलं होतं, की बदकं एखाद्या साधूनेही काढलेली असतील.

"साधूने बदक काढलं नसतं," अल्मुटबाई म्हणाल्या होत्या. "भाजलं असतं."

विब्केची सगळी भिस्त किड्यावर होती. लाकूड पोखरणाऱ्या किड्याला आपलं पुस्तक कुठे संपलं आणि शेजाऱ्याचं कुठे सुरू झालं, याचं सोयरसुतक नसतं. तो सरळ आरपार जातो. या पुस्तकाच्या मागच्या फळीला चार भोकं होती, तीन जवळजवळ आणि चौथं कोपऱ्यात रुसून बसल्यासारखं. मठातल्या एखाद्या जुन्या पुस्तकाला हुबेहूब तशीच चार सापडली, तर दोन्ही पुस्तकं कधीकाळी इथेच एकमेकांना खेटून होती, हे सिद्ध झालं. भोकं इथल्या सगळ्याच पुस्तकांना होती. जुळत मात्र एकाचीही नव्हती.

मठाचं स्वयंपाकघर आणि शिवणटिपण बघणारी थेडा लोण्याचा केक घेऊन आली. केकला कुणी हात लावला नाही. पुरावा नाही म्हटल्यावर पुस्तक पलीकडे जाणार, हे विब्केने सांगून टाकलं, आणि सांगताना तिचाच चेहरा पडला. अल्मुटबाई एका बदकाशेजारी बोट ठेवून बसून राहिल्या.

थेडा खाकरली. "बाई, एक राहिलंय."

"काही राहिलेलं नाही." उत्तर जरा जास्तच घाईने आलं. अल्मुटबाईंचे कान लाल झाले.

"तुम्ही सांगताय, की मी सांगू?"

शेवटी थेडानेच सांगितलं. देवळातली मठप्रमुखांची खुर्ची उंच कठड्याची. संध्याकाळच्या प्रार्थनेची पहिली ओळ तिथूनच उठते, सगळ्यांच्या समोर. अल्मुटबाई पडल्या उंचीने बेताच्या. त्यांच्या आधीच्या बाईही तशाच, त्यांच्या आधीच्याही. उंच प्रमुख या मठाच्या नशिबातच नसावी. म्हणून पद घेताना किल्ल्यांबरोबर एक उशीही मिळते. निळ्या मखमलीची, कडेने भरतकाम केलेली, आणि चांगलीच कडक.

विब्केला समजायला थोडा वेळ लागला. "तुम्ही पुस्तकावर बसता?"

"रोज," अल्मुटबाई म्हणाल्या. "लॅटिन आहे ते. वाचतंय कोण?"

उशी आली. थेडाने स्वतः घातलेले टाके स्वतःच उसवले. आतून निघालेला ठोकळा हाताने लिहिलेला होता, छापखान्यांच्याही आधीचा. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत काही होतं. विब्केने ते वाचून दाखवलं: हे पुस्तक या मठातल्या बायकांचं, जो नेईल त्याची बोटं झडोत.

"बसेल तिचं काही लिहिलेलं नाही ना?" अल्मुटबाईंनी हळूच विचारलं.

मागची फळी लावून पाहिली. जुळेना. अल्मुटबाईंनी डोळे मिटून घेतले. विब्केने ठोकळा फिरवला आणि पुढची फळी पुस्तकाला भिडवली. तीन भोकं तिन्हींसमोर आली. चौथं, रुसलेलं, चौथ्यासमोर. तिने दोन्ही फळ्या अलगद उचलून एकत्र धरल्या आणि पलीकडे विजेरी लावली. अल्मुटबाईंच्या काळ्या झग्यावर, बरोबर छातीवर, उजेडाचे चार ठिपके पडले.

विब्के हसायला लागली आणि मग तिला थांबताच येईना. थेडाने डोळ्यांना पदरासारखा एप्रन लावला. अल्मुटबाईंनी ठिपक्यांवर तळवा ठेवला, तर ठिपके हाताच्या पाठीवर आले. त्या खूप आनंदात होत्या, आणि आनंद झाला की त्यांना भूक लागते. केकचे दोन तुकडे त्यांनी उभ्याउभ्याच संपवले.

"आली पोर घरी," तोंड भरलेलं असतानाच त्या म्हणाल्या.

संध्याकाळी घंटा झाली. उशीतलं पुस्तक आता टेबलावर पाहुण्या पुस्तकाला खेटून पडलं होतं, आणि त्याला हलवायचं नाही, अशी विब्केची सक्त ताकीद होती. देवळात गावातली माणसं येऊन बसली. समोरच्या कठड्यामागे कुणीच दिसत नव्हतं. पहिल्या बाकावरच्या म्हातारीने थेडाला कोपराने ढोसून विचारलं, बाई आज आजारी का.

"ऐका तर," थेडा म्हणाली.

रिकाम्या दिसणाऱ्या खुर्चीतून पहिली ओळ उठली, नेहमीपेक्षा खणखणीत.