पूजेतला पाना

भरमा मिस्त्रीनं खंडेनवमीला पूजेतला पाना उचलला. पण असं काही झालंच नाही, असं निपाणीत ठरलंय. तेव्हा तुम्हीही विसरा.

बेळगावच्या भंगारातून मिस्त्रीनं फोर्डचं नाव कोरलेले बावीस जुने पाने जमवले होते. चौदा वर्षांत दारात फोर्ड मात्र एकही आली नव्हती. १९७८ साली आली, खिळा लागून पंक्चर झालेली. नेमकी खंडेनवमी. हत्यारं हळद-कुंकू लावून झेंडूखाली बसलेली, आणि त्या दिवशी त्यांना हात लावायचा नसतो.

"आज न्हाय," मिस्त्री म्हणाला.

"अवो, मग ती उद्या परत पंक्चर हुनार हाय व्हय?" बायको तानीबाईनं विचारलं.

पाना नटाला असा चपखल बसला, की मिस्त्रीनं जमलेल्या गर्दीला तो तीनदा काढून-घालून दाखवला. पंक्चर एकच चाक होतं, नट त्यानं चारी चाकांचे आवळले.

दुसऱ्या दिवशी चिकोडीच्या तहसीलदारांकडं गावाच्या सह्यांचा अर्ज गेला: "तरी यंदाची खंडेनवमी एक दिवस पुढे ढकलण्यात यावी, व तसा हुकूम कालच्या तारखेचा मिळावा, ही नम्र विनंती."