टाळ कुटून

बायकोचं तेरावं उरकल्यावर गोविलकर तिचे टाळ भजनी मंडळाला द्यायला शाळेच्या त्या वर्गात गेला. दर गुरुवारी ती इथेच भजनाला यायची. परतली की तो हातातला ग्लास न सोडता विचारायचा, "आलीस टाळ कुटून?"

वर्गात ना पेटी, ना मृदंग. सात बायका गोल करून बसलेल्या.

"भजन कधी सुरू होतं?"

"इथं भजन नसतं, भाऊ. पिणाऱ्यांच्या घरच्या बायका आम्ही, एकमेकींपाशी मन मोकळं करतो. दारू सोडणाऱ्यांची मीटिंग पलीकडच्या वर्गात."

त्यानं टाळांकडे पाहिलं. दुकानदारानं बांधलेली सुतळी अजून तशीच होती.

"अगंबाई, हे तर नलूताईंचे!" एकजण उठली. "नऊ वर्षं दर गुरुवारी त्या आधी पलीकडे डोकावून विचारायच्या, 'आमचे आले का?'"