हातगुण

तिने जोडलेला तिसरा सर्किट बोर्डही मेलेला निघाला. साहेब सगळ्यांसमोर कडाडले, "बाई, तुमचा हातगुणच वाईट! उद्यापासून घरी बसा."

अंगात साठलेल्या विजेने नाजूक चिप जळू नये म्हणून, जमिनीशी जोडलेली पट्टी मनगटाला बांधल्याशिवाय तिने आजवर एकही बोर्ड हातात धरला नव्हता. साहेब मात्र नायलॉनचा स्वेटर घालून, गालिच्यावर बूट घासत यायचे आणि तिचा प्रत्येक बोर्ड उघड्या हाताने उलटापालटा करून बघायचे.

"जाते. पण आधी या टेबलाच्या पत्र्याला बोट लावून दाखवा."

"त्यात काय? हे घ्या!"

चट्कन ठिणगी उडाली. "आई गं!" साहेबांनी हात झटकला.

 

"बोर्डाला असं ओरडता येत नाही, साहेब."