कोरडी वाटी

"भंगारवाला चारला येतोय, भावजी. काय असेल ते तोवर उरका," वहिनी म्हणाली आणि दारातच थांबली. मागच्या खोलीचं कुलूप तिने उघडून दिलं, पण आत पाऊल टाकलं नाही. नवरा गेल्यापासून ती त्या खोलीत फिरकलीच नव्हती.

दीर आत गेला. टेबलावर धुळीने माखलेलं छोटं पेट्रोल इंजिन होतं. कधीकाळी फिरत्या सिनेमाचा दिवा त्याच्या जिवावर लागायचा. मोठ्या भावाने ते भंगारातून उचलून आणलं, वर्षभर त्याच्याशी झटापट केली आणि शेवटी चालतं केलं. भाऊ होता तोवर धाकट्याने या नादाची टिंगलच केली. अलीकडे मात्र त्याला स्वतःलाच तो रोग जडला होता. जुनी इंजिनं शोधायची, खोलायची, घासत बसायचं. भावाची आठवण काढायची ही त्याची तऱ्हा असावी.

"एकदा उघडून बघतो. मग नेऊ दे त्याला."

वहिनीने तोंड फिरवलं. त्या इंजिनापायी तिने काय कमी सोसलं होतं? दुधाच्या पातेल्यात पिस्टन उकळताना पाहिला होता. अंथरुणात स्क्रू टोचून घेतले होते. नवरा त्या लोखंडाला 'बाईसाहेब' म्हणायचा. "मग जेवायलाही त्यांनाच वाढायला सांगा," असं ती म्हणायची आणि दोघंही हसत सुटायची.

मग नवरा कामाला होता तो कारखाना बंद पडला. नवरा गप्प गप्प राहू लागला. एका रविवारी ती बाजारातून परत आली, तेव्हा या खोलीत उग्र धूर कोंडला होता. इंजिन थांबलेलं होतं, आणि तो स्टुलावर बसल्या बसल्या टेबलावर डोकं टेकून गेला होता. दार लावलेलं. खिडकीच्या फटींत कागद कोंबलेले. तोंडावर कोणी काही बोललं नाही, पण ते कागद सगळ्यांनी पाहिले. टाकीतलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालत राहिलं, असंच सगळ्यांनी धरलं. चिठ्ठी नव्हती. दोन ओळी खरडाव्यात एवढीही आपली किंमत नव्हती, हे तिच्या जिव्हारी लागलं. ती तेव्हा रडली नाही, नंतरही नाही. त्याचं नाव निघालं की उठून निघून जायची.

आतली पान्याची खुडबुड थांबली.

"वहिनी, त्या दिवसानंतर या इंजिनाला कोणी हात लावला होता?"

"कोण लावणार? कुलूप मीच घातलं. किल्ली माझ्याकडे."

"जरा आत या."

"नको."

"या म्हणतो ना!"

त्याचा आवाज असा काही निघाला की ती आत गेली. त्याच्या तळहातावर पितळेची एक छोटी वाटी होती. कार्बोरेटरची; टाकीतून आलेलं पेट्रोल इंजिनात जाण्याआधी तिच्यात साठतं. आतून लख्ख.

"आधी टाकी बघा." त्याने बॅटरीचा उजेड आत पाडला. तळाशी पेट्रोल आटून त्याचा पिवळा चिकटा झाला होता. "म्हणजे पेट्रोल संपलं नव्हतं. तरी इंजिन थांबलं. कारण हा टाकीचा कॉक, पेट्रोल सोडायची तोटी, बंद आहे. आणि तो इंजिन चालू असताना बंद केलाय. नंतर कोणी केला असता, तर वाटीत पेट्रोल उरलं असतं आणि तिथंही हाच चिकटा दिसला असता."

"मला काही कळत नाही."

"इंजिन नीट ठेवून द्यायचं असलं की आम्ही असंच करतो. कॉक बंद करायचा आणि शेजारी बसून राहायचं. वाटीतलं पेट्रोल जळून जातं आणि ते आपोआप थांबतं. वाटी कोरडी राहिली की पुढच्या वेळी ते त्रास देत नाही."

वहिनी वाटीकडे बघत राहिली. मग तिचा आवाज चढला.

"आणि कागद? ते कोणी कोंबले, भावजी? मी?"

दिराने वर बोट दाखवलं. तारेवर इंजिनाचं पत्र्याचं झाकण अजून टांगलेलं होतं. त्याने बाहीने धूळ पुसली. खालचा हिरवा रंग गुळगुळीत होता, एक खडा नाही की एक कण नाही.

"हा रंग ताजा होता. वाळेपर्यंत धूळ बसू नये म्हणून खोली बंद करतो आम्ही. मागच्या महिन्यात मीही अशाच फटी बुजवल्या आणि आत इंजिन चालू करायला निघालो होतो. बायकोने हाक मारली म्हणून वाचलो. तेव्हापासून मला झोप नाही, वहिनी. म्हणून आज आलो. शुद्ध मूर्खपणा आहे हा. पण आमच्यासारखेच करतात."

वहिनी स्टुलावर बसली. हे तेच स्टूल आहे, हे तिच्या लक्षातही आलं नाही.

"पुढच्या वेळी म्हणजे?" तिने हळूच विचारलं.

"पुढच्या रविवारी असेल. सुट्टीचा दिवस बघून. दादा परत चालू करणार होता ते."

वहिनीने वाटी त्याच्या हातातून घेतली, मुठीत घट्ट धरली आणि हंबरडा फोडला. इतकी वर्षं ती नवऱ्याने टाकलेली बाई म्हणून जगली होती. विधवा ती त्या दुपारी झाली.