कानबाईचा चेहरा

कानबाईचा डावा डोळा पुन्हा खाली घसरला. कोकिळाने ओल्या फडक्याने नारळ पुसला, नव्याने हळद चोपडली आणि काडी काजळात बुडवली. दारातल्या ढोलवाल्यांनी आणखी एकदा चहा मागितला.

श्रावणातल्या त्या रविवारी घरात कानबाई देवी बसते ती नारळाच्या रूपात. त्याच्यावर नाकडोळे काढायचा मान दरवर्षी सासूबाईंचा, म्हणजे प्रमिलाबाईंचा. यंदा त्या मोरीत घसरल्या आणि उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. तरी अमळनेरहून, धुळ्याहून जमलेल्या भाऊबंदांना त्यांनी ठणकावून सांगितलं, "काळजी नका करा. मन्ही सून जळगावले ड्रॉइंग शिकाडस!" झालं. सुनेची लग्नानंतरची ही पहिलीच कानबाई. चेहरा बिघडला तर जन्मभर दर श्रावणात हाच विषय निघणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

कोकिळा वर्गात शिकवायची, चेहरा पाच डोळ्यांइतका रुंद असतो. नारळाला हे कोणी शिकवलं नव्हतं. एक डोळा जमला की दुसरा रुसायचा. खरं तर आर्टच्या कॉलेजात गेल्यापासून बिचारीचं असंच चाललं होतं. पेन्सिलीआधी खोडरबर संपायचं. स्वतःसाठी काढायला घेतलेलं एकही चित्र कधी पुरं झालं नव्हतं.

आत पुरणपोळ्या निवत होत्या. गंगाफळाच्या भाजीचा वास ओसरीभर पसरला होता. दिवसभराचे उपाशी सासरे, रुपचंद आबा, शेवटी कळवळून म्हणाले, "कानबाई जेवल्याबिगर आम्हले जेवता येस नही, बेटा. आन् तिले तं आजून तोंडच नही!"

सगळे खो-खो हसले. कोकिळालाही हसू आवरेना, आणि हसता हसता तिचा हात सैल पडला. लहानपणी ती परसातल्या भिंतीवर कोळशाने घरातली सगळी माणसं काढायची. एक गोल, दोन डोळे, तोंड. झालं की टाळ्या पिटत घरभर सांगत सुटायची. तेव्हा डोळे मोजायचं तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. किती मजा यायची! तिने काडी टाकली, बोटच काजळात बुडवलं आणि न थांबता चेहरा काढून टाकला.

एक डोळा वटारलेला, दुसरा बारीक. उजवी भुवई कपाळात चढलेली. नाक भलंमोठं, ओठ घट्ट मिटलेले. सवयीने तिचा हात फडक्याकडे गेला.

पण ओसरीवर चिडीचूप झालं होतं. आबांनी मळलेली तंबाखू हळूच खिशात सारली. पाय पसरून बसलेला धाकटा दीर, दीपक, मांडी घालून ताठ बसला. मग एकेकाने मुकाट्याने हात जोडले. इतक्या मनापासून या घरात कोणी हात जोडलेले कोकिळाने पाहिले नव्हते.

प्रमिलाबाई पुढे आल्या. वाकून त्यांनी कानबाईला निरखलं. त्यांची उजवी भुवई सावकाश वर चढली.

"डोळा, भुवई, बठ्ठं बरोबर शे," त्या म्हणाल्या. "पन मन्हं नाक इतलं मोठं शे का?"

कोकिळाने एकदा सासूबाईंकडे पाहिलं, एकदा नारळाकडे.

"शे, आई," ती म्हणाली आणि तिने काजळाची डबी बंद केली.