तळहाताचा फोड

मिस्त्रीनं स्क्रू ड्रायव्हर गाडीच्या दाराच्या खालच्या कडेला नुसता टेकवला, तर तो भिजलेल्या बिस्किटात जावा तसा आत गेला.

“अहो, काय करताय!” अप्पा ओरडले.

मिस्त्रीनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. स्क्रू ड्रायव्हर फिरवून बाहेर काढला, तशी तांबूस भुकटी भुरभुर खाली पडली. मग तो उकिडवा सरकत मागच्या मडगार्डापर्यंत गेला आणि हातोडीच्या दांड्यानं पत्रा ठोकून बघू लागला. चांगला पत्रा टणकन बोलतो. हा बऱ्याच ठिकाणी गप्पच होता.

“वरून पॉलिश पेपर मारा, पुट्टी भरा आणि रंग द्या,” अप्पा म्हणाले. “फार काही झालेलं नाही तिला. तळहाताच्या फोडासारखी जपलीय मी ही गाडी.”

“फोड आलेच आहेत की,” मिस्त्री म्हणाला आणि रंगाखाली फुगलेल्या जागा अंगठ्यानं दाबून दाखवू लागला.

गॅरेजच्या शेडच्या सावलीत उभ्या असलेल्या लेकीला हसू आलं, आणि तिनं ते लपवलंही नाही. सुट्टीचा दिवस असून अप्पांनी तिला रंग निवडायला म्हणून ओढून आणलं होतं. गाडी तिच्यासाठीच घेतलेली. निदान घेताना तरी तसं म्हटलं होतं. आता मात्र रंग झाला की किल्ली खरोखरच तिच्या हातात ठेवायची, असं अप्पांनी मनाशी पक्कं केलं होतं. तिनं ती आनंदानं घ्यावी, एवढीच त्यांची इच्छा होती. तिच्या कानशिलावरचे केस पांढरे व्हायला लागलेत, हे त्यांना अलीकडेच दिसलं होतं.

“पावसात असायची का?” मिस्त्रीनं विचारलं.

“पावसात?” अप्पांना रागच आला. “एक थेंब पडू दिला नाही अंगावर. आत जाड कापड, वर प्लॅस्टिक, चहूबाजूंनी दोरी. आणि रोज ओल्या फडक्यानं पुसून पुन्हा झाकायचो.”

“गल्लीत तिला नवरी म्हणायचे,” लेक म्हणाली. “कुणी तोंडच बघितलं नव्हतं ना.”

मिस्त्री गुडघे झटकत उठला. “तेच नडलं, काका. भिजली असती तर वाळलीही असती. झाकलेल्यात ओल धरून राहते, तिला बाहेर पडायला वाटच नाही. रोज रस्त्यावर पळाली असती ना, तर चार ओरखडे आले असते, पण पत्रा राहिला असता.”

अप्पांनी लेकीकडे बघायचं टाळलं. पण ती आता हसत नाहीये, हे त्यांना न बघताही कळलं.

“मग करायचं काय?”

“सडलेलं कापायचं, नवा तुकडा जोडायचा. बाकीचा गंज पांढरा पत्रा दिसेपर्यंत घासायचा. खाली गंज ठेवून वर रंग मारला, तर तो पुन्हा फुगणारच. रंगाचं शेवटी बघू.” एवढं बोलून मिस्त्रीनं ग्राइंडर सुरू केला. ठिणग्या उडाल्या, रंगाचे पापुद्रे सुटले आणि दाराच्या मधोमध स्वच्छ पत्रा चमकायला लागला. तेवढा भाग बघून अप्पांना जरा धीर आला. त्यांनी रंगांचं कार्ड लेकीपुढे धरलं.

“सांग, कुठला?”

“कुठलाही चालेल.”

“असं कसं? तुझी गाडी आहे.”

“अप्पा, माझं लायसन्स केव्हाच संपलं,” ती म्हणाली. आवाजात राग असता तर बरं वाटलं असतं.

“नवं काढू की.”

“बघू.”

हा ‘बघू’ अप्पांचाच होता. तिनं किल्ली मागितली की ते हेच म्हणायचे. पुढं पुढं तिनं मागणंच सोडलं, आणि अप्पांना वाटलं, पोरगी समजूतदार झाली. किती मूर्ख होतो आपण, असं त्यांना त्या अंगणात, त्या कार्डासकट उभं असताना वाटून गेलं.

मिस्त्रीनं ग्राइंडर बंद केला. “हा उघडा पत्रा असाच बाहेर ठेवून चालायचं नाही. हवा लागली की सकाळपर्यंत लाल होईल. आत ढकलू, लगेच प्रायमर मारतो. स्टिअरिंगला कोणीतरी बसा.”

“तू बस,” अप्पा पटकन म्हणाले.

ती बसली. सीट पुढं ओढली, आरसा जरासा वळवून घेतला. हातांना सगळं आठवत होतं. मागच्या काचेतून तिची ताठ झालेली पाठ दिसली, तेव्हा अप्पांना इतकं बरं वाटलं की डिकीला हात लावायचंच ते विसरले. मिस्त्रीनं हाक मारल्यावर दोघांनी मिळून जोर लावला. गाडी कुरकुरत हलली. शेडचं दार ट्रक जाईल एवढं रुंद होतं. तिनं स्टिअरिंग अगदी बेतानं वळवलं.

“हळू! हळू, ठोकशील!”

आपण ओरडलो, हे अप्पांना ओरडून झाल्यावर कळलं. गाडी जागच्या जागी थांबली.

“ठोकतायत कसल्या, काका,” मिस्त्री म्हणाला. “ढकलतोय तर आपण.”

अप्पांनी जीभ चावली, पण शब्द तर तोंडातून गेला होता. लेक खाली उतरली. सडलेली कड तुटू नये म्हणून तिनं दार हलकेच लावलं.

“मिस्त्री, तुम्ही बसा,” ती म्हणाली. “मी ढकलते.”

आणि मागं येऊन, अप्पांच्या शेजारी, तिनं डिकीला दोन्ही हात लावले.